शांतता राखा

दोंडाईच्याच्या वाचनालयात बोलायला बंदी आहे,
म्हणून आम्ही भांडतो ते लिहून.
खिळ्याला सुतळीनं टांगलेली लांबट वही,
आणि दिवाळीपासून विषय एकच:
मिरची मार्केटकडची खिडकी
उघडी ठेवायची की लावायची.
उघडली की शिंका, लावली की उकाडा.

धुळ्याच्या छापखान्यात एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
लग्नपत्रिका, मतदारयाद्या, बियाण्यांची पत्रकं.
एकदा एका मयताच्या नावातला काना
तेराव्याच्या आदल्या रात्री परत आणला.
डोळ्यांना दुसरं वळणच नाही.

आणि इथं भदाणे आप्पा.
"खिडकी लावा!!!"
"पंखा पुसा!!!"
"आज पेपर वेळेवर आला!!!"
आनंद असो की संताप, तीन काठ्या आपटल्याशिवाय
हा माणूस ओळीतून उठत नाही.
ठाणसिंग गिरासे पूर्णविराम देत नाहीत.
त्यांचं वाक्य घरून निघतं, वाटेत मेहुण्याला भेटतं,
चहा घेतं, तापीच्या पुलावर थांबतं
आणि पान संपतं म्हणून संपतं.
शकील मणियार आधीच्याचा सगळा मजकूर
सुबक अक्षरात उतरवून काढतात, दीड पान,
आणि खाली: "सहमत."
निंबा सैंदाणे 'असो'नं सुरू करतात.
अजून काही झालेलंच नसतं.
हर्षाली कुवर, बी.एस्सी.ला आहे,
अनुस्वाराच्या जागी काढते इवलासा बदाम.
आणि सगळेच, सगळेच्या सगळे, लिहितात 'आणी'.

पहिला महिना मी लाल पेन घेऊनच बसले.
समासात बाण, शब्दांवर फुल्या,
बदामांवर तर आडवी रेघ.

मग एका दुपारी ठाणसिंगांच्या दोन पानांत
सतरा पूर्णविराम पेरले, आणि परत वाचलं.
मार्केटातल्या बाया देठ खुडतात ना, तसं झालं होतं:
ढीग नीटनेटका, माल तोच,
पण उचलायचं कुठं धरून ते कळेना.
त्यांच्या वाक्यात मेहुणा दोनदा खोकला होता.
माझ्या तुकड्यांत एकदाही नाही.

त्या दिवसापासून पेन टाकलं असं नाही,
खोटं कशाला सांगू.
हात आवरायला लागले. काही दिवस आवरायचा,
काही दिवस 'आणी' दिसली की
मिरचीसारखी नाकात जायची.

माघात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
अठरा दिवसांनी आले, काळा चष्मा लावून,
आणि वही नाकाशी धरली.

"शिरोडेबाईंचं लाल दिसत नाही!!! बऱ्या आहेत ना!!!"

"बाई दिखतस नही म्हणून मी त्यासनी गल्लीमा जाई उनू कुलूप व्हतं शेजारीन बोलनी डोयाना दवाखाना मंग मना जीव ठिकानवर उना आणी खिडकीनं काय ठरनं"

"असो. खोड आहे त्यांची. कुणाला तंबाखू लागते, त्यांना वेलांटी. आपण चालवून घेतो. असो."

खाली शकीलभाईंनी तिन्ही उतरवलेले,
आप्पांच्या सहा काठ्यांसकट.
"सहमत."

मी खुर्चीत बसले.
इतके दिवस मला वाटत होतं, सोसतेय ती मी.
ठाणसिंगांची 'आणी' दीर्घच होती.
तिच्यावर बोट ठेवलं आणि पुढं वाचलं.
पुढं काही नव्हतं, एक बदाम होता,
कुठल्याच अक्षरावर नसलेला.

पर्समध्ये निळं सापडलं, त्यानंच लिहिलं.
ओळ जरा उतरणीला लागली:
"मी बरी आहे खिडकी अर्धी उघडी ठेवून बघू"

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर 'बघू'च्या पुढं
कुणीतरी दिलेलं, बारीक, लाल टिंब.

मी आप्पांकडे बघितलं.
ते पेपरामागे होते.
शिंकले. तीनदा.